नेदर पेथरिकला गाडी का थांबली नाही

चि. मेव्हिस हिला,

थोरल्या भावाचे, म्हणजे विल्फ्रेडचे, भरभरून आशीर्वाद. तुझी कंबर काय म्हणते? माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. इकडे सगळे धडधाकट आहेत, एक आपलं स्टेशन सोडून. ते बंद करायचं घाटतंय.

तुला ते ठाऊकच आहे. जुन्या जमीनदारसाहेबांनी जागा फुकट दिली, पण इंजिनाचा धूर आपल्या खिडकीतून दिसता कामा नये या अटीवर. म्हणून गाव टेकडीच्या अलीकडे आणि स्टेशन पलीकडे चिखलात. (साहेबांचं घर केव्हाच पडलं, चिखल तेवढा टिकला.) सोयी म्हणशील तर एक बाक, एक घड्याळ आणि मदतीचं एक बटण. ते दाबलं की लांबच्या शहरातली एक गोड मुलगी विचारते, "आजोबा, तुम्ही नक्की आहात कुठे?" आणि गाडी काही आपणहून थांबत नाही. फलाटावरून हात करावा लागतो.

तर मंगळवारी रेल्वे कचेरीतून प्रुडो बाई आल्या, हे स्टेशन कुणाला हवंय का ते बघायला. त्यांच्यासमोर ऐटीत गाडीत चढायचं, असं आम्ही फलाटावर फुलझाडं लावणाऱ्या मंडळींनी ठरवलं होतं. मी, पाद्रीबाबा आणि ईनिड (तीच, जिचा केक तू गुपचूप कुत्र्याला घातलास). सकाळची गाडी वळणावर दिसताच सगळ्यांनी हात वर केले. ड्रायव्हर क्लेमने आम्हाला पाहिलं, भोंगा वाजवला, दोन्ही हात हलवले आणि गाडी सुसाट घेऊन गेला! त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? इतकी वर्षं वाफे खुरपताना आम्ही प्रत्येक गाडीला हात हलवतो, तोही हलवतो. आम्हाला कुठे जायचं असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही.

"किती गुणी पोरगा आहे!" ईनिड सवयीने म्हणाली.

प्रुडो बाईंनी चष्मा पुसला. "रोज असंच होतं?"

"रोज," मी छाती फुगवून म्हणालो. "एकदाही चुकत नाही." (पाद्रीबाबांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात.)

गंमत म्हणजे त्याच गाडीने बाईंना परत जायचं होतं! मग चहा झाला, आणि ईनिड म्हणाली, "नुसत्या बसून काय करताय? घ्या हे खुरपं." दुपारची गाडी आली तेव्हा बाई बेगोनियांत पार रमल्या होत्या. धडपडत उठल्या आणि खुरप्यासकट हात केला. मंडळींत नवी भर पडलेली पाहून क्लेमने दोनदा भोंगा दिला आणि गेला.

शेवटी पाद्रीबाबांनी त्यांना मोटारीने सोडलं. जाताना म्हणाल्या, "बाग सुरेख आहे हो, पण मला उतारूंबद्दल लिहायचंय. गुरुवारी येते. एक तरी माणूस चढता-उतरता दाखवा."

मेव्हिस, स्टेशन गेलं तर वाफे जातील. आणि वाफे गेले तर आम्ही म्हाताऱ्यांनी सकाळी उठून जायचं कुठे?

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. गुरुवारी ये. मुलाच्या मोटारीने नाही, गाडीने. पुढच्या डब्यात बस (फलाट आखूड, मागची दारं उघडत नाहीत) आणि इथे उतरायचंय हे गार्डला आधी सांग. क्लेमला आम्हीच समजावलं असतं, पण तो थांबेल तर ना!

आणखी एक ता. क. पुन्हा घोळ नको म्हणून मंडळींनी ठराव केलाय, गाडी हलेपर्यंत कुणीही हात वर करायचा नाही. तेव्हा तू उतरशील तेव्हा आम्ही सगळे खिशात हात घालून, तोंडं पाडून उभे असू. राग धरू नकोस. गाडी वळणाआड गेली की मिठी मारतो.