अकराव्या ओट्याची रिकामी चौकट

मानखुर्द, १० फेब्रुवारी २०२५

चि. विपुल यास मावशीचे अ. आ.

फोनवर बोलले तर भांडण होईल, म्हणून लिहिते आणि लेकीकडून, नेत्राकडून, फोटो काढून पाठवते. तुझ्या वेबसाइटच्या पानाने माझी पुरती वाट लावली. मासळीबाजार नवा होतोय, कोण कुठे बसते ते पालिकेच्या साहेबांना कळव, एवढंच तुला सांगितलं होतं. भिंतीकडून एक, दाराशी बारा. दाराशी माझी सासू बसायची, मग मी. साहेबांनी मोबाइलवर तुझं पान उघडून यादी केली आणि मला अकराव्या ओट्यावर टाकलं. तो तुझ्या आईचा. कमळला जाऊन वर्षही झालं नाही, आणि मी सख्ख्या बहिणीच्या जागेवर पाटी मांडू? माझ्या जागी बर्फवाला बसणार म्हणे. दिवसभर कॉम्प्युटरवर करतोस तरी काय?

घरी सगळे खुशाल. लोभ आहे, सध्या आटलाय.

वनमाला

बोरिवली, ११ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

चूक माझीच. पीडीएफ केली असती तर छापील कागदासारखी जशीच्या तशी राहिली असती. पण मोबाइलवर तिची अक्षरं जवळ्याएवढी दिसतात. तुम्हा बायकांना वाचता यावं म्हणून वेबसाइटचं पान केलं. ते फोनच्या मापाने स्वतःची मांडणी बदलतं. आईचं नाव लिहवेना, म्हणून अकरावी चौकट रिकामी ठेवली. फोनवर ती गळली आणि तू तिथे सरकलीस. मी फोनवर तपासलंच नाही.

पण राग मलाही आलाय. साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत सगळ्यांच्या सह्यांची पीडीएफ आणा, बारावा परत देतो. मात्र नाव नसलेला ओटा बाहेरच्याला जाईल. आई चाळीस वर्षं तिथे बसली, त्याचं यांना काहीच नाही. घरात श्वेता आहे, पण ती तर ऑफिसला जाते. नेत्राचं नाव घालू का?

माया असू दे.

तुझा विपुल

मानखुर्द, १२ फेब्रुवारी

चि. विपुल यास आशीर्वाद, कानउघाडणीसकट.

पानावरचा राग गेला, आता तुझाच आलाय. सासूचा ओटा सुनेचा, हे आपल्यात कुणाला सांगावं लागत नाही. नेत्राचं नाव तुझ्या मनात आलंच कसं? कमळच्या दिवसकार्याला श्वेता माझ्याजवळ बसून रडली. म्हणाली, रविवारी तरी मला आईंच्या ओट्यावर बसायचंय, पण घरात कुणी विषयच काढत नाही. मी म्हटलं, नवरा विचारेल.

कागद छापलास की पहिली सही तिची घे. सहा महिने ती तुझ्या विचारण्याची वाट बघतेय.

दोघांवर लोभ आहे, तिच्यावर थोडा जास्त.

वनमाला