नदीकाठचा नैवेद्य

आई, काल टेबलावर आलं ते असं: नारळाच्या दुधातली हिरवी आमटी, वाफाळता भात, कच्च्या पपईची कोशिंबीर आणि केळीच्या पानात बांधलेला गोड चिकट भात. किंमत विचारशील, तर लेकीने बिलावर हात ठेवला, "आई, आज हिशोब नको. नुसतं जेव." म्हणून खर्चाच्या वहीत तेवढी जागा कोरी आहे.

नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही तुझीच शिस्त. अमेरिकेत लेकीकडे, बॉथेलला, आल्यापासून तिने हौसेने किती हॉटेलांत नेलं. मी आपली पाणी पिऊन बसायची आणि घरी येऊन दहीभात कालवायची. परवा माझं परतीचं विमान. म्हणून तिने काल ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि नदीकाठच्या या थायलंडच्या हॉटेलात दुपारी आणलं. मासळीचा सॉस घालू नका, असं आधीच फोनवर बजावलेलं. मी सवयीने पाण्याचा ग्लास पुढे ओढला, तशी ती म्हणाली, "तू समोर नुसती बघत बसतेस ना, मला घास गिळवत नाही गं. एकदा तरी माझ्याबरोबर जेव."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक म्हातारी बाई तबक घेऊन बाहेर आली. काठावर खांबावर बसवलेलं छोटंसं घर आहे, आपल्या देव्हाऱ्याएवढं. तिने त्यात आमच्यासाठी रांधलेल्यातली एकेक वाटी मांडली, उदबत्ती लावली, लाल सरबताची बाटली उघडून ठेवली. लेक हसली, "बघ, यांच्या देवाला कोल्ड्रिंक, तेही स्ट्रॉ लावून!" मी म्हटलं, "हसू नकोस. तहान लागत असेल त्याला." मग त्या बाईने हात जोडले आणि चक्क पाठ फिरवली. नदीकडे तोंड करून उभी राहिली. मला एकदम आपलं जुनं स्वयंपाकघर दिसलं. आई, तू उभी आहेस. चुलीपाशी, ओलेत्या केसांची, देवाकडे पाठ करून. मी हळूच वळून बघते आणि तू माझी वेणी ओढतेस, "कुणी टक लावून बघत असलं, की देवालासुद्धा पोटभर जेववत नाही." हे त्या बाईला कुणी शिकवलं असेल? तिच्या आईनेच ना?

थोड्या वेळाने तिने वाट्या उचलल्या, आणि मगच आमची पानं वाढून आली. मी ग्लास बाजूला सारला, भात कालवला. पहिला घास उचलला तेव्हा लेकीकडे बघितलं. तिने तोंड नदीकडे फिरवलं होतं. मी चार घास खाईपर्यंत वळली नाही, मग नाक ओढत म्हणाली, "तिखट आहे ना?" तिने तर अजून चाखलंही नव्हतं.

तू गेलीस तिथला पत्ता नाही, म्हणून हे पोथीत ठेवते. खरं सांगू, आमटी मी दोनदा मागून घेतली, आणि देवाचं नाव मात्र विचारायचं राहिलं. चाललं ना? उलट टपाली कळव.