तिसऱ्या पाळीची सकाळ

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
४ ऑगस्ट २०२५

ती. शंकरमामांस,
मनालीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, कंपनीच्या बॉयलरने कान नेले. आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचायला तुम्ही काही केल्या तयार नाही. त्यामुळे पोस्टात पत्र टाकणारी आमच्या सोसायटीत मी एकटीच उरले आहे. आई हसते, पण तुमचं पाकीट आलं की पहिलं तीच फोडते.

आता कामाचं. साखरेच्या आजारावर मोठ्या डॉक्टरांनी दीडशे पानांचं मार्गदर्शन तयार केलंय. ते पेशंटला कळेल असं दोन पानांत आणायचं, हे आमच्या हॉस्पिटलमधलं माझं काम. जूनमध्ये महेंद्रदादाला साखर निघाली तेव्हा तुम्हाला पाठवला होता, तोच कागद आता अठरा तारखेला छपाईला जातोय. दहा हजार प्रती! डॉक्टरांनी पास केलाय, पण पेशंटांनी कुठे केलाय? रविवारी विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन झालं की तो वाचून दाखवाल का? आणि मामा, कळलं का, असं विचारू नका. सगळे माना डोलावतात. घरी जाऊन नेमकं काय करणार, ते ज्याला त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा.

मायावहिनीचा आवाज परवा रडवेला वाटला. दादाला बरं नाही का? विचारलं तर तिने विषयच बदलला. तुम्ही खरं काय ते कळवा.

माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू द्या.
तुमची भाची,
मनाली


मोरिवली, अंबरनाथ
७ ऑगस्ट २०२५

चि. मनालीस,
शंकरमामाचा सप्रेम जय भीम आणि मंगल कामना.

तुझा कागद मी कपाटाच्या दारावर चिकटवलाय. गॅसचा सिलेंडर घेऊन आला त्यालासुद्धा दाखवला. तुझी आजी जन्मभर अंगठा लावत आली, आणि तिची नात डॉक्टरांचं लिहिणं सोपं करते! छाती फुगते गं पोरी. रविवारी वाचतो. तू सांगतेस तस्संच विचारतो, मास्तरकी करणार नाही.

महेंद्रचं विचारलंस. पोटच्या पोराबद्दल असं लिहायची लाज वाटते, पण तू घरची. हा तिसऱ्या पाळीवरून सकाळी साडेसातला येतो आणि आडवा होतो. मागच्या महिन्यात दोनदा दहा-अकराच्या सुमाराला बघतो तर घामाने थबथबलेला, हात थरथरतायत, जीभ जड, विचारावं एक तर बोलतो भलतंच. मायाने गोड चहा पाजला की थोड्या वेळाने ताळ्यावर. येता येता पिऊन येतो, दुसरं काय? वर शपथा घेतो की थेंब घेतला नाही. मी विहाराचा सेक्रेटरी, दर रविवारी पंचशील म्हणून घेतो, आणि दारू माझ्याच घरात! तीन आठवडे मी त्याच्याशी अक्षर बोललेलो नाही. कंपनीत असा सापडला तर नोकरी जाईल, आणि मी मध्ये पडणार नाही.

तुझ्या आईला, चांगुणाला, हे सांगू नकोस, ती उगाच टेन्शन घेईल.
आठवण ठेव, पत्र धाडत जा.
शंकरमामा


मोरिवली, अंबरनाथ
११ ऑगस्ट २०२५

चि. मनालीस, जय भीम.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. आधी हे कर: छपाई थांबव.

काल बावीस माणसं होती. पहिल्या पुतळाबाई उठल्या. तेल-मीठ मर्यादित प्रमाणात म्हणजे कोणाच्या मापाने, माझ्या की सुनेच्या, असं त्यांनी विचारलं. सगळा विहार हसला. मग मायाने महेंद्रला कोपर मारून उठवलं. मी त्याला विचारणार नव्हतो. तो उभा राहिला आणि तुझा कागद त्याने घडाघडा म्हणून दाखवला, पाठ! पहिल्या पाळीच्या आठवड्यात सकाळी गोळी, मग नाश्ता, मग ड्यूटी. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात घरी आल्या आल्या गोळी आणि लगेच झोप. जेवण दुपारी दोनला, उठल्यावर. गोळी रोज सकाळी नाश्त्याआधी घ्यावी, वेळ चुकवू नये, असं मनालीने लिहिलंय म्हणाला, म्हणून एक दिवस चुकवली नाही. मी विचारलं, मग नाश्ता? तर म्हणाला, ती आमची झोपायची वेळ, तेव्हा नाश्ता कोण करतं? मागून आणखी दोघे म्हणाले, आम्हीपण असंच करतो.

आज त्याला डॉक्टरांकडे नेलं. पोटात अन्न नाही आणि वर ती गोळी, म्हणून साखर एकदम उतरते. माणूस प्यायल्यासारखा दिसतो. झोपेतच जायचा, थोडक्यात वाचला म्हणाले. आता त्यांनी पाळीप्रमाणे वेळ लिहून दिली आहे.

तुला लागेल, ठाऊक आहे. पण तुझ्यापासून लपवलं असतं तर मामा कसला?
शंकरमामा


हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
१४ ऑगस्ट २०२५

ती. मामांस, सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. दादाने माझा कागद देवासारखा मानला, आणि त्या कागदानेच दादाचा जीव घेतला असता. वहिनीला फोन करून तासभर रडले. उलट तीच मला समजावत होती.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं. आमच्या मोठ्या मॅडमनी ते मागून घेतलं, पुन्हा वाचलं आणि छपाई थांबवली. एवढे डॉक्टर आणि मी, सगळे रात्री झोपून सकाळी उठणारे. जे आम्हाला सुचलं नाही ते तुम्ही एका रविवारात शोधलंत. तुमच्यासारखा परीक्षक कुठे मिळणार!

आता असं लिहिलंय: ही गोळी घड्याळ बघून नाही, ताट समोर आलं की घ्यायची. खाणार नसाल तर घेऊ नका. पाळी बदलत असेल तर प्रत्येक पाळीची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुतळाबाईंसाठी मीठ चमच्याच्या मापात दिलंय. नवा कागद सोबत जोडलाय, अजून काही राहिलं का, बघा. आणि दादाशी बोललात का, ते नक्की लिहा.

रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण दूर करू नका.
मनाली


मोरिवली, अंबरनाथ
१ सप्टेंबर २०२५

चि. मनालीस, सप्रेम जय भीम.

काल नवा कागद विहारात वाचला. सगळ्यांनी बरोबर सांगितलं. मला एकही चूक काढता आली नाही, शाब्बास! आपली चूक दहा डॉक्टरांसमोर वाचून दाखवायला वाघाचं काळीज लागतं. ते माझ्याकडे नव्हतं, तुझं बघून आलं. वाचन झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की माझा मुलगा प्यायला नव्हता, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला.

तू विचारलंस, अजून काय राहिलं. एक ओळ राहिली आहे: घाम, थरथर, भलतं बोलणं दिसलं तर आधी दारूचा संशय घेऊ नका. साखर उतरलेली असेल. गिळता येत असेल तर ताबडतोब साखर द्या, नाहीतर उचलून दवाखान्यात न्या.

ती का हवी, ते सांगतो. काल घरी आल्यावर महेंद्र म्हणाला, बाबा, तुमचा आरडाओरडा मी विसरीन, पण तुम्ही वाकून माझ्या तोंडाचा वास घेतलात, ते विसरता येत नाही. ही गोष्ट मी तुला लिहिली नव्हती. मनाली, वास आला नव्हता. मला कळलं होतं, तरी मी त्याला दारुडा म्हणालो.

ती ओळ ठळक छाप. माझ्यासारख्या बापांना चष्म्याशिवाय दिसेल एवढी मोठी.

तुझा,
शंकरमामा