त्र्यंबक क्रीक

७ जुलै, सकाळ
अलास्का. विमान आम्हाला नदीकाठच्या गोट्यांवर टाकून गेलं. चहात डास, नाकात डास. शी! बत्तीस वर्षं ओहायोत रस्ते बांधून रिटायर झालो, आता नकाशाच्या कामाला व्हॉलंटियर. टीम लीडर वैदेही, ओहायोतल्याच डब्लिन गावच्या आमच्या शैलेंद्रची मुलगी. काम सोपं आहे. सॅटेलाइट फोटोत दिसणारे ओढे चालत जाऊन बघायचे, मगच नकाशावर काढायचे.
संकल्प: रोज दहा मैल.

८ जुलै
अर्धा मैल. गवताचे गड्डे, मधे गुडघाभर चिखल. मोजे पिळले तर असा वास, की जेवण गेलं नाही. अनुभवी माणसानं तंबूतच काम करावं.

९ जुलै, दुपारी ३
शोध! फोटोत उत्तरेच्या टेकडीवरून उतरणारी बारीक, वळणदार रेघ. चार मैल. एकाही नकाशात नाही. निळ्या रंगात काढून टाकली. ओढ्याला नाव माझंच, त्र्यंबक क्रीक. वैदेही म्हणाली, काका, जिवंत माणसाचं नाव चालत नाही. म्हटलं, त्र्यंबक हे शंकराचं नाव. शिवाय गोदावरीचा उगम कुठला? ती बूट चढवून बाहेर गेली. पटलं असणार.
सॅटेलाइट फोनवरून बायकोला, मालिनीला, मेसेज केला. तिनं विचारलं, तुम्ही जाऊन बघितली का? हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. बघितली म्हणून कळवलं.

१० जुलै
आमच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला माझा सत्कार व्हावा असं मालिनीला सुचवलं. हॉलचं बघते म्हणाली. शौच पिशवीत करून ती पिशवी परत न्यायची असते. याबद्दल लिहिणार नाही.
ओढ्यावर उद्या नक्की.

११ जुलै
पाऊस. भाषण लिहिलं. पाकिटातला राजमा कुत्रंही हुंगणार नाही. दोन पाकिटं खाल्ली.

१२ जुलै
वैदेही माझा ओढा बघायला निघाली तेव्हा तिच्याकडे बाटली दिली. सत्काराच्या कलशात आपल्याच नदीचं पाणी हवं.

१२ जुलै, संध्याकाळी ७
बाटली कोरडी परत आली. वैदेही चारही मैल चालली. ओढा नाही. कॅरिबू हरणांचे कळप वर्षानुवर्षं जाऊन पडलेली पायवाट आहे. फोटो दाखवला, नुसत्या लेंड्या. माझी रेघ तिनं माझ्यासमोर पुसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. स्वतःचीच किळस आली.
मालिनीला खरं काय ते लिहिलं. सत्कार कॅन्सल कर, म्हटलं.
लगेच उत्तर आलं. हॉल तिनं बुकच केला नव्हता.