पोथ्यांच्या पेटीतली झबली

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. बाळाचा पिवळेपणा उतरू लागला आणि दुसऱ्यांदा रक्त चढवावे लागले नाही, हे काल जावईबापूंनी कळवले. तुझ्याच आवाजात ते ऐकायला मिळते तर मन अधिक निवले असते. परंतु तू बोलत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही.

इकडे बाळाला भेटायच्या ओढीने तुझ्या आईचे पाऊल जमिनीवर नाही. माझे प्रवचन चालू असता मागून कुजबुजते, "आज लवकर आटपा हो, मला दुपट्याला काठ लावायचाय." श्रोते हसतात. मीही हसतो, आणि पुढचा श्लोक विसरतो.

तुझी लहानपणची झबली तिने कुठे जपली, हे तू जाणतेसच. कपाटात नव्हे, पोथ्यांच्या पेटीत. त्याहून पवित्र जागा या घरात तिला ठाऊक नव्हती. पेटीला कसर लागू नये म्हणून मी अधूनमधून डांबरगोळ्या बदलत असे. जुन्या गोळ्या विरून गेलेल्या असत. त्या विरून जातात कुठे, हा प्रश्न परमतत्त्वाचा शोध घेणाऱ्या मला एकदाही पडला नाही. झबली तुझ्याकडे धाडताना तिने निक्षून बजावले होते, की धुऊ नकोस, ग्रंथांचा सहवास वाहून जाईल. तू ऐकलेस.

पुढचे जावईबापूंनी मला एकट्याला गाठून सांगितले. बाळाच्या रक्तात जन्मतःच एक संरक्षक द्रव्य कमी आहे. अशा मुलांच्या श्वासात वा त्वचेतून त्या गोळ्यांचा अंश गेला, की तांबड्या पेशी फुटू लागतात. मूल फिकट पडते, पिवळे होते. डॉक्टरीणबाईंनी झबले नुसते हुंगले आणि विचारले, हे कुठे ठेवले होते? आता त्याला तो वास जन्मभर वर्ज्य. मी त्याच दिवशी गोळ्या घराबाहेर काढल्या, पेटी उन्हात उघडी ठेवली. वास जात नाही; पानापानांत मुरला आहे. तुझी आई म्हणाली, "अहो, कसर लागेल ना! हे काय नवीन खूळ?" कारण सांगायला मी तोंड उघडले, आणि उन्हाचे गुण सांगून मिटले.

ती रोज विचारते, बाळाला झाले तरी कशाने? मी म्हणतो, ईश्वरेच्छा. ज्याचे नाम घेण्यात आयुष्य गेले, त्याच्याच माथी मी हे मारतो. मग विचारते, ठकू माझ्याशी का बोलत नाही? मी म्हणतो, दमली असेल. मरणाच्या दारातल्या माणसांपाशी बसून मी त्यांना धीर दिला आहे; या एका बाईपुढे माझी वाचा बसते. सांगावे, तर ती त्या लेकराला पुन्हा हात लावणार नाही, इतका तिचा स्वभाव मी ओळखतो. न सांगावे, तर तुझ्या अबोल्याने झुरते आहे.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण ती शेजारीच बसलेली असते. म्हणून हे पत्र. गुरुवारच्या गाडीने ती एकटीच तुझ्याकडे निघणार आहे. मला तिला थांबवता आले नाही. पिशवीत उरलेली झबली आहेत, आणि ग्रंथ बांधायच्या जुन्या मऊ कापडाचे दुपटे. मी ती हळूच काढून ठेवली, तर तिने पिशवी तपासून पुन्हा भरली. ती पिशवी दारातच तिच्या हातून घे, घरात नेऊ नकोस. बाळाला लहान होतात म्हण, सुचेल ते खोटे बोल. तिला अंघोळीला पाठव, तुझी धुतलेली साडी नेसायला दे, आणि मग बाळ तिच्या मांडीवर ठेव. तेवढा वेळ रागावू नकोस. त्यानंतर तिला खरे सांगायचे की नाही, ते तू ठरव. मला ठरवता येत नाही.

तुमच्या तिघांच्या काळजीत,
तुझाच
अण्णा