नऊ नंबरची खोली

६ ऑक्टोबर, सोमवार

वीट आलाय! सकाळी संगणक उघडला तर पुन्हा तोच — ठिपका. नाव माहीत नाही. फोटोच्या जागी नुसता काळा ठिपका, म्हणून मी ठेवलेलं नाव. जूनमध्ये त्याची तक्रार मी बंद केली होती, ती याने पुन्हा उघडली.

‘फांदी’ अकरा वर्षं मी एकट्याने पोसली आहे. जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपापल्या प्रोग्राममध्ये उचलून वापरायचा तयार कोड. माहिती झाडासारखी मांडायची — इमारत, तिचे मजले, मजल्यावर खोल्या, खोलीत खाटा. अगदी टोकाच्या पानावर काही बदललं तरी त्याची बातमी फांदीफांदीने वाहत बुंध्यापर्यंत येते आणि तिथे कान लावून बसलेल्या प्रोग्रामला त्याच क्षणी कळतं. एवढंच काम, पण चोख. जगाला फुकट दिली. बदल्यात काय? रोज उठून कुणाची तरी कटकट.

ठिपक्याचं म्हणणं असं की पान एका फांदीवरून उचलून दुसऱ्या फांदीवर लावलं की त्याच्या बातम्या हरवतात. अरे, मग उचलतोस कशाला? मी लिहिलं — "हे त्यासाठी बनवलेलं नाही. हलवू नका. हलवायचंच असेल तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा." आणि केली बंद. दुसऱ्यांदा.

कोडचा तो भाग बघितला नाही. बघायची गरजच नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

बाबांकडे जाऊन आलो. शुश्रूषागृहात शिरलं की फिनेल आणि उकडलेल्या भाज्यांचा एकत्र वास येतो, तो कपड्यांना घरापर्यंत चिकटून राहतो. आल्या आल्या आंघोळ केली.

बाबा आता चौदा नंबरमध्ये. आधीची नऊ नंबरची खोली म्हणजे कोंदट खुराडं होतं. व्यवस्थापकाशी तीन आठवडे भांडून एक तारखेला खिडकीची खोली मिळवली, बाबांना खाटेसकट तिकडे हलवलं. नऊ रिकामी आहे, तिला रंग लावणार आहेत म्हणे. बाबा खिडकीतून समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक बघत बसतात. "दिवसभर एकच स्कूटर खोलतोय गाढव," म्हणाले. खुशीत होते.

सिस्टरांच्या टेबलावर मोठा पडदा आहे. प्रत्येक खोलीचा एक हिरवा चौकोन. पेशंटने खाटेला जोडलेलं बटण दाबलं की चौकोन लाल होतो आणि पिंपिं वाजतं. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘फांदी’. ज्यांनी हा प्रोग्राम केला त्यांनी माझी लायब्ररी वापरली आहे. खरं सांगायचं तर हे शुश्रूषागृह मी त्या दोन अक्षरांवरून निवडलं. तेव्हा ताईला सांगितलं होतं, इथे घंटा कधी चुकणार नाही.

आज दिवसपाळीची चष्मेवाली सिस्टर मला थांबवून म्हणते, "साहेब, हे तुम्हीच बनवलंय ना? मग बघा जरा. पडदा खोटं बोलतो. नऊ नंबरमध्ये कुणी नाही, तरी मधूनच लाल होते."

"पडदा खोटं बोलत नसतो, सिस्टर. रंगाऱ्याचा हात लागत असेल बटणाला."

"रंगारी अजून आलेच नाहीत."

"मग चष्म्याचा नंबर तपासून घ्या!"

तेवढ्यात नऊ खरंच लाल झाली. बाई "आले हं" म्हणून चालू पडली. मी बोलतोय आणि ही चालू पडली! वर नऊ नंबर डावीकडे आणि ही गेली उजवीकडे. काम टाळायला निमित्तच हवं असतं यांना. शिसारी येते असल्या लोकांची.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ठिपक्याचं उत्तर — "एकदा करून तरी बघा." उद्धट!

११ ऑक्टोबर, शनिवार

ताईचा फोन. ती परगावाहून दर शनिवारी फोनवर काळजी करते, मी इथे प्रत्यक्ष जातो. बाबांशी तासभर बोलली होती. "सिस्टर चांगली आहे रे. बाबा म्हणतात, घंटा वाजवली की थोडी उशिरा येते, पण येते."

उशिरा का? माझ्या लायब्ररीला बातमी पोचवायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. उशीर होतो तो माणसांच्या पायांना. हे मी बोललो, तर म्हणाली, "तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

व्यवस्थापकाचा फोन. रिकामी नऊ नंबर सारखी पिंपिं करते, सगळे वैतागलेत, तुम्ही काही सुचवाल का? सुचवलं. सेटिंगमध्ये ‘रिकाम्या खोल्या लपवा’ अशी एक खूण असते, ती करा. एका मिनिटाचं काम. फोनवरच करून घेतली. त्यांच्या पडद्यावरून नऊ नंबर गायब, आवाज बंद!

"तुमच्यासारखी माणसं पाहिजेत," म्हणाले. इतकं सोपं काम दोन आठवडे कुणाला सुचू नये याचीच घृणा वाटली.

१५ ऑक्टोबर, बुधवार



दुपारी दोनला गेलो. चौदाच्या दारातच वास आला. बाबा ओल्या चादरीत पडले होते. पायजमा पोटापर्यंत ओला, कडेला सुकून पिवळा झालेला. म्हणजे तास दीड तास तरी झाला असणार. भिंतीकडे तोंड. मी आत आलो तरी वळले नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर इस्त्रीशिवाय शर्ट घातला नाही, तो माणूस!

"घंटा का नाही वाजवलीत?"

"वाजवली. तीनदा."

"नीट दाबली होती का?"



मी चादर ओढायला गेलो आणि मला उमाळा आला. उलटीचा. बाप आहे माझा, आणि मी नाकाला रुमाल लावून दारात उभा! ते बाबांनी पाहिलं. ते पाहायला नको होतं.

बाहेर येऊन त्या चष्मेवालीवर ओरडलो. टेबलाशी बसून गोळ्या मोजत होती. "घंटा आलीच नाही, साहेब. साडेबाराला बघून आले होते मी. बावीस खोल्या आहेत, एकटी आहे मी." आणि मग, "नऊ नंबर पडद्यावरून कुणी काढली?"

"विषय बदलू नका!" मी म्हणालो.

ती उठली. दहा मिनिटांत बाबांना पुसून, कपडे बदलून, खुर्चीत बसवलं. तोंडाने हळूहळू बोलत होती, "झालं हं काका, झालं." मला ते नाटक वाटलं. मी बघतोय म्हणून!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

व्यवस्थापकाला पत्र पाठवलं. गुळमुळीत एकही शब्द नाही. ‘निष्काळजी आणि खोटारडी’ असं स्पष्ट लिहिलं. वर हेही लिहिलं की ही यंत्रणा मी स्वतः ओळखतो, घंटा वाजली असती तर पडद्यावर आलीच असती. ती म्हणते आली नाही, म्हणजे खोटं बोलते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

ताई भडकली. "त्या बाईने बाबांची नखं कापली. तू कधी कापलीस? तुला नुसत्या चुका काढता येतात, त्याही दुसऱ्याच्या."

फोन ठेवला. तिला काय जातंय तिकडे बसून! रुमाल तिने नव्हता धरला नाकाला.

२० ऑक्टोबर, सोमवार

सिस्टरला काढलं. व्यवस्थापकाने स्वतः कळवलं — "तुमच्या पत्रामुळे आम्हाला निर्णय घेता आला."

बरं वाटायला हवं होतं. तोंडाला कडू चव आली. दात घासले, तरी गेली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

बाबा पुन्हा ओले.

नवी सिस्टर तरतरीत आहे, गोड बोलते, धावत आली. "घंटा नव्हती हो आली, खरंच!" तेच वाक्य. दुसरी बाई, तेच वाक्य. या वेळी मी ओरडलो नाही. चादर मीच काढली. उमाळा आला, गिळला. बाबांचे पाय इतके बारीक झालेत हे मला माहीत नव्हतं.

"ती कुठे गेली?" बाबांनी विचारलं.

"काढली तिला."

"का?"

मी सांगितलं.  बाबा खिडकीकडे वळले. "बोलावलं की येत होती रे ती," एवढंच.

मग मी स्वतः बटण दाबलं. बटणातला दिवा लागला. बाहेर टेबलाशी गेलो — चौदा हिरवी. परत आलो, अंगठा पांढरा होईपर्यंत दाबून धरलं. परत बाहेर — हिरवी. सिस्टर माझ्याकडे बघतेय, मी पडद्याकडे. तळाशी बारीक अक्षरांत ‘फांदी’.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ठिपक्याने सांगितलं होतं तसं करून बघितलं. दहा ओळी लिहिल्या. एक पान, दोन फांद्या. पान पहिलीवरून उचललं, दुसरीवर लावलं, मग बदललं. बातमी आली — पहिलीवरून! पुन्हा केलं. पुन्हा पहिलीवरून. पान हलतं, पण बातमीची वाट मी पान जन्मताना एकदाच आखतो आणि नंतर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अकरा वर्षांपूर्वीची ओळ आहे. शेजारी माझीच टीप — ‘पानं कुणी हलवणार नाही.’

मी हलवलं. तीन आठवडे भांडून हलवलं.

खाट चौदात गेली आणि घंटा नऊ नंबरमध्ये वाजत राहिली. रिकाम्या खोलीत. लाल होत होती, पिंपिं करत होती, आणि मग तीही मी फोनवरून बंद करून घेतली. एका मिनिटाचं काम! शी! इतके दिवस जगाची किळस करत फिरत होतो.

व्यवस्थापकाला फोन केला. आधी नऊ नंबर परत पडद्यावर आणा म्हटलं, आणि ती लाल झाली की चौदात माणूस पाठवा. मग बाकीचं सांगितलं.

"म्हणजे सिस्टर खरं बोलत होत्या?"

"हो."

"आता काय करायचं?"

"परत बोलवा. मी लेखी देतो. तिच्यासमोर येऊन बोलतो."

"फोन लागत नाही त्यांचा," म्हणाले.

चूक दुरुस्त केली. तीन ओळी. ठिपक्याला लिहिलं — "तुमचं बरोबर होतं. माझी चूक." त्याचं उत्तर आलं, "धन्यवाद, आमच्याकडे बरेच जण वाट बघत होते." कोण, कुठे, विचारायची हिंमत झाली नाही.

एक गोष्ट मात्र कळत नाही. तेरा तारखेला नऊ लपवली. पण एक तारखेपासून चौदाची घंटा पडद्यावर येतच नव्हती. मग ते बारा दिवस बाबांनी बोलावलं की ती यायची कशी?

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी होती. नव्या सिस्टरने काढून दिली. "मी वाचली होती, पण पडद्यावर नऊ नंबरच नव्हती हो," म्हणाली. मोठं, गोल अक्षर. तारीख ७ ऑक्टोबर.

‘सर्व पाळ्यांसाठी. नऊ नंबर लाल झाली की चौदात जावे. चूक पडद्याची आहे. उद्या काकांचा मुलगा येईल, त्याला सांगते, तो करून देईल. तोपर्यंत कुणी काकांना बोलू नये. काका घंटा नीट वाजवतात.’