टपाखालचा नमदा

प्रिय दसरू,

फोन केला नाही. फोनवर निम्मं ऐकून तू 'जाऊ दे ना बे' म्हणाला असतास. हे पत्र लेकीकडून, रंजीताकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि स्वतः वाच. तिच्या आईबद्दल आहे.

काल तुमच्या गावचा नागसेन तुझी पिकअप घेऊन चंद्रपूरला माझ्या दुकानी आला होता. धानोऱ्याच्या बाजाराच्या फेऱ्या आता तोच करणार, म्हणाला. मंगली वहिनी गेल्यापासून तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. कुणी हाक मारली की आधी कानाला हात लावतोस, असंही तो सांगत होता.

मृगाच्या तोंडावर तू गाडी माझ्याकडे आणलीस तेव्हाचं आठवतं. गाडी आपल्याहून थोडीच लहान. 'इंजिन मांडीवर घेऊन बसल्यावानी वाटते बे, कानात रातकिडे किरकिर करून राह्यले,' म्हणाला होतास. मी सीट काढल्या, तळाचा गंज खरवडला, डांबरी शीट तापवून चिकटवली, इंजिनाकडच्या पत्र्याला नमदा, आवाज गिळणारा जाड लोकरी थर, लावला, दारांना नवं रबर बसवलं. चार दिवस लागले. तू एकच गोष्ट बजावली होतीस, टपाले हात नको लावू. मागं बसलेली माणसं केबिनच्या टपावर थाप मारतात. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. तुमच्या रस्त्यावर दुसरी घंटा नाही.

मी टपालाही नमदा लावला.

उघडा पत्रा पावसात वाजला असता आणि खालचं सगळं काम वाया गेलं असतं. माझ्या हातचं काम अर्धवट जात नाही, हा माझा माज. आतून दोन थर लावले. वर तुझंच जुनं मळकं अस्तर ताणून बसवलं, तुला कळू नये म्हणून.

पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. आता गाडीत रेडिओ ऐकू येते म्हणून खूश होतास. मग हसत म्हणालास, 'थापा मारून लोकायचे हात दुखते. म्हणते, दसरू भैरा झाला, भैऱ्याले राजाची केबिन भेटली.' मीही हसलो. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणालो, वय झालं रे तुझं.

वहिनी गेली त्या दिवशी पावसामुळे काचा वर होत्या. वहिनीनं पुढची जागा पोटुशी सोमारीला दिली आणि स्वतः मागं पोत्यांजवळ बसली. चढावर गाडीचा मागचा फाळका सुटला. तिच्यासोबत मागं बसलेल्या वारलूनं तुला सगळं सांगितलं नसेल, मला सांगितलं. ती लगेच पडली नाही. फाळक्याची साखळी धरून लटकत होती. वारलू दोन्ही हातांनी टप बडवत होता, बाकीचे ओरडत होते. नाल्यापासून शाळेपर्यंत तिचा हात सुटला नव्हता.

'माह्या कानानं मारलं तिले,' असं मातीच्या दिवशी तू सगळ्यांसमोर म्हणालास. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तुझ्या बाजूला बसलेल्या सोमारीलाही काही ऐकू आलं नव्हतं, आणि ती बावीस वर्षांची आहे. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

नागसेन सीटचं कव्हर शिवायला आला होता. त्याला चहाला पाठवलं आणि टपाचं अस्तर उसवलं. नमदा ओढून काढायला अर्धा तासही लागला नाही. अस्तर परत बसवलं, त्याला काही बोललो नाही. मागं बसणाऱ्यांना आता धोका नाही, आणि पुरावाही उरला नाही. दोष तुझ्या कानांचा, मी तुझा जुना दोस्त, असं मरेपर्यंत चाललं असतं. आज सकाळी दुकानाचं शटर उचलताना मला हलकं वाटलं. त्या हलकेपणाची किळस आली, म्हणून लिहायला बसलो. तुझे कान चुकले नाहीत, दसरू. रंजीताला तू सांग, नाहीतर मी सांगेन. गावाची बैठक बसव. मी एकटा येईन.

तू नाही म्हणेपर्यंत तुझाच,
सादिक